सिटी हॉलमधला दुभाषा

१९०७ सालच्या नोव्हेंबरात फियोरेलो ला ग्वार्डिया नावाचा एक तरुण न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर दुभाषा म्हणून रुजू झाला. पगार वर्षाला १,२०० डॉलर. वडील इटालियन, आई त्रिएस्तची ज्यू, आणि आधीची नोकरी फियूमे बंदरातल्या अमेरिकी वकिलातीत. इटालियन, जर्मन आणि क्रोएशियन बोलणारा माणूस त्या बेटाला हवाच होता. त्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त माणसं तिथून अमेरिकेत शिरली.

प्रश्न ठरलेले असत. नाव काय, कुठे चाललात, खिशात पैसे किती. त्यात एक प्रश्न मोठा फसवा होता: इथे काम ठरलंय का? घरी आईने शिकवून पाठवलेला साधा मुलगा अभिमानाने ‘हो’ म्हणायचा आणि अडकायचा, कारण १८८५च्या कायद्याने आधीच करार करून मजूर आणायला बंदी होती. काम मिळवायची धमक हवी, पण काम ठरलेलं नको. हे त्रांगडं दुभाष्याला कळत होतं. पण तो सरकारचा नोकर. विचारायचं काम अधिकाऱ्याचं आणि पोचवायचं याचं.

पुढे आत्मचरित्रात त्याने सर्वांत चिडून लिहिलं ते मात्र बेटाबाहेरच्या एका कामाबद्दल. वाग्दत्त वराकडे आलेल्या मुलींना लग्न लागल्यावरच देशात सोडत. म्हणून वधूवरांसोबत एखादा दुभाषा शहराच्या सिटी हॉलमध्ये जाई. लग्न लावायचे ते आल्डरमन, म्हणजे तिथले नगरसेवक. त्यातले काही प्यालेले असत आणि भोवतालच्या टोळक्याला हसवण्यासाठी विधीच्या शब्दांत अश्लील टोमणे घुसडत. नवरानवरीला एक अक्षर कळत नसे. ती बिचारी गंभीर चेहऱ्याने उभी. वर फी ठरल्यापेक्षा जास्त उकळली जाई. तिथे सगळं समजणारा परका माणूस एकटा दुभाषाच होता. महापालिकेच्या खिडकीवर भाषा न येणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र क्वचितच कोणी नोंदवलं असेल.

१९१०मध्ये ला ग्वार्डिया वकील झाला आणि त्याने ती नोकरी सोडली. १९२२च्या काँग्रेसच्या निवडणुकीत विरोधकाने त्याच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप केला, तेव्हा त्याने यिडिश भाषेत पत्रक काढून आव्हान दिलं: वादविवाद करू, पण अथपासून इतिपर्यंत यिडिशमध्येच! प्रतिस्पर्धी ज्यू असूनही पुढे आला नाही. १९३४ ते १९४५ अशी बारा वर्षं हा जुना दुभाषा न्यूयॉर्कचा महापौर होता.

एवढं असूनही शहराच्या कचेऱ्यांमध्ये दुभाषा मागण्याचा हक्क कोणाला मिळाला नाही. राजकीय पक्षाचा गल्लीतला कार्यकर्ता अर्ज भरून द्यायचा आणि बदल्यात मत घ्यायचा. तो नसेल तर शाळकरी पोरं होतीच. आईचं दुखणं डॉक्टरला, बापाची थकबाकी कारकुनाला, घरमालकाची नोटीस आईबापांना समजावून सांगायचं काम दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे आलं. ही प्रथा इतकी अंगवळणी पडली की ती प्रथा आहे हेही कोणाच्या लक्षात येईना.

कायद्याची वाट सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. तिथल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी न शिकवताच इंग्रजी वर्गांत बसवलं होतं. १९७४च्या ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेतला आणि शाळाखात्याला दोषी ठरवलं. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेने भाषेमुळे कोणाला बाहेर ठेवणं हा मूळ देशावरून केलेला भेदभाव ठरला. ऑगस्ट २०००मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश क्रमांक १३१६६ काढून हे सूत्र सगळ्या केंद्रीय खात्यांना लावलं. पुढच्याच वर्षी ‘अलेक्झांडर विरुद्ध सँडोव्हल’मध्ये न्यायालयाने दार अर्धं लोटून घेतलं. अलाबामात वाहन परवान्याची परीक्षा फक्त इंग्रजीत होती. हेतुपुरस्सर भेदभाव दाखवता येत नसेल तर सामान्य माणसाला या कायद्याखाली दावा लावता येणार नाही, असा निकाल आला.

मग शहरांनाच स्वतःचे कायदे करावे लागले. ब्रुकलिनच्या बुशविक भागातल्या ‘मेक द रोड बाय वॉकिंग’सारख्या संघटनांच्या रेट्याने २००३मध्ये न्यूयॉर्कने कल्याणकारी सेवांसाठी कायदा क्रमांक ७३ केला. २००८मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांच्या आदेशाने तो विचार थेट जनतेशी संबंध येणाऱ्या सगळ्या खात्यांना लागू झाला आणि २०१७च्या कायदा क्रमांक ३०ने भाषा दहा केल्या. स्पॅनिश, चिनी, रशियन, बंगाली, हैतीची क्रिओल, कोरियन, अरबी, उर्दू, फ्रेंच, पोलिश. महत्त्वाची कागदपत्रं या दहांत हवीत. फोनवरून दुभाषा मात्र किमान शंभर भाषांत. खिडकीवर भाषांच्या नावांचा तक्ता असतो, माणसाने आपल्या भाषेवर बोट ठेवायचं, कारकुनाने फोन लावायचा. पैसे पडत नाहीत.

यादी आली की वादही येतो. २०११मध्ये केंद्राच्या जनगणना खात्याने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागासाठी ‘एशियन इंडियन’ भाषेत मतपत्रिका द्यायला सांगितलं. अशी भाषा कुठे बोलतात हे आपल्याकडच्या कोणालाही विचारावं! शेवटी बंगालीची निवड झाली आणि २०१३मध्ये बंगाली मतपत्रिका आल्या. हिंदी-पंजाबीच्या वाट्याला मतदान केंद्रावरचे दुभाषे आले.

आणि कायदा असला तरी पाणी थांबत नाही. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या पावसात शहरातली ११ माणसं तळघरातल्या घरांत बुडून मेली. त्यात स्थलांतरित पुष्कळ होते. राष्ट्रीय हवामान सेवेचे इशारे तेव्हा इंग्रजी आणि स्पॅनिशपुरतेच होते. शहराचा कायदा शहराच्या खात्यांना बांधतो, केंद्राच्या नाही, ही त्याची खरी मर्यादा आहे.

१ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवलं आणि क्लिंटन यांचा आदेश रद्द केला. शहराचा कायदा त्या आदेशाने रद्द होत नाही. मराठी त्या दहांत नाही, पण फोनवर दुभाषे पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या यादीत ती असते. मुलाकडे न्यूयॉर्कला राहायला गेलेल्या आईवडिलांनी शहराच्या ३११ क्रमांकावर किंवा खिडकीवर मराठी दुभाषा मागावा. नातवाला शाळा बुडवून सोबत न्यायची गरज नाही.