बसरूरची वाट

दिवाळीच्या आसपास यवतमाळच्या शेतांत कापसाची वेचणी रंगात येते. नेमक्या त्याच दिवसांत कोकणच्या खाड्यांमध्ये पूर्वी वेगळी लगबग असे. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेली गलबते पुन्हा पाण्यात लोटली जात. यवतमाळचे पाणी वर्धा आणि पैनगंगेतून गोदावरीला आणि तिच्याबरोबर पूर्वेच्या समुद्राला मिळते, त्यामुळे पश्चिम किनारा इथल्या माणसाला परका वाटू शकतो. पण कापसाची गाडी जुंपणाऱ्याचे आणि गलबत हाकणाऱ्या तांडेलाचे वर्ष एकाच गोष्टीवर ठरत असे: पाऊस उघडतो कधी.

शिडाच्या जहाजाने दक्षिणेकडे जायचे तर वारा समजून घ्यावाच लागतो. जूनपासून नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळून टाकतो आणि बंदरे बंद होतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केला की हंगाम उघडला असे मानतात, मात्र लांबच्या सफरीला खरा निवांतपणा येतो तो त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. हिवाळ्यात रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि त्याचा रोख बहुधा वायव्येकडून असतो. पहाटेच्या वाऱ्याने बंदराबाहेर पडायचे, दुपारच्या वाऱ्यावर दक्षिणेला पल्ला मारायचा, सांज झाली की खाडीच्या तोंडाशी नांगर टाकायचा, असा हा प्रवास. किनारा सहसा नजरेआड होऊ द्यायचा नाही.

जाताना हे सोपे आहे. कठीण असते ते परतणे, कारण दक्षिणेला नेणारा तोच वारा घरी येताना तोंडावर असतो.

मराठ्यांच्या इतिहासात या वाऱ्याची सर्वांत मोठी परीक्षा १६६५च्या फेब्रुवारीत झाली. शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन बसरूरला गेले. महाराजांनी स्वतः समुद्रावर जाऊन केलेली ही एकमेव मोहीम. कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर आरमाराची उभारणी सुरू झाली होती, तिला जेमतेम सात-आठ वर्षे झाली होती. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया नोव्हेंबर १६६४मध्ये घातला गेला होता. तटाचे दगड अजून रचले जात होते. अशा वेळी ८५ लहान लढाऊ गलबते आणि ३ मोठी जहाजे इतका ताफा निघाला, असे त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारावरून दिसते.

मालवण ते बसरूर हे अंतर सरळ मोजले तरी सुमारे ३०० किलोमीटर भरते. वाटेत डचांची वखार असलेले वेंगुर्ले लागते, मग पोर्तुगीजांचे गोवे, मग इंग्रजांची वखार असलेले कारवार. तीन युरोपीय सत्तांच्या नजरेसमोरून इतकी जहाजे न्यायची, म्हणजे वेग हाच खरा बचाव होता आणि तो वेग उत्तरेच्या वाऱ्यानेच मिळणार होता. आजच्या कुंदापूरजवळचे बसरूर तेव्हा बिदनूरच्या नायकांच्या मुलखातले श्रीमंत बंदर होते. तांदूळ आणि मिरी तिथून बाहेर जात. महाराजांच्या आरमाराने ते लुटले आणि ताफा उत्तरेला गोकर्णाकडे वळला.

मोहिमेची आखणी किती पक्की होती ते इथून पुढे दिसते. गोकर्णाला महाबळेश्वराचे दर्शन आणि तीर्थस्नान झाल्यावर महाराजांनी बहुतेक गलबते परत पाठवली आणि केवळ १२ स्वतःजवळ ठेवली, तीही वाटेतल्या नद्या ओलांडण्यापुरती. स्वतः चार हजार पायदळासह ते जमिनीवरून अंकोल्याच्या वाटेने निघाले. जाणे समुद्राने आणि येणे बरेचसे पायी, अशी ही विभागणी. मालवणात बसून वाऱ्याचे गणित ज्याने मांडले त्याला खाडीकाठच्या तांडेलांचे ज्ञान नीट ठाऊक असले पाहिजे. ते ज्ञान कोणत्याही बखरीत नावानिशी आलेले नाही, याची हळहळ वाटते.

वाऱ्याने तरीही आपला हिसका दाखवलाच. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात वायव्येच्या वाऱ्यामुळे महाराजांचा परतीचा मार्ग बरेच दिवस अडला, असे नोंदवले आहे. २२ फेब्रुवारीला, म्हणजे इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे, सैन्य कारवारला पोचले. आदल्याच रात्री विजापूरच्या बहलोलखानाचा सरदार शेरखान तिथे येऊन ठेपला होता. लढाई टळली, व्यापाऱ्यांनी महाराजांना वर्गणी जमवून दिली, त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंडांचा होता. होळीच्या तोंडावर शेरखानाने आपली शिकार बिघडवली, अशा अर्थाचे महाराजांचे बोल इंग्रज व्यापाऱ्यांनी लिहून ठेवले आहेत. शिमग्याच्या दिवसांतला तो वैताग साडेतीनशे वर्षांनंतरही ताजा वाटतो.

आरमाराचे वर्ष ऋतूवर कसे बांधलेले असावे हे पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सविस्तर आले आहे. पाच गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजे, आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, पावसाळ्याची छावणी दरवर्षी एकाच बंदरात न करता बदलावी, जवळ किल्ला असेल अशी जागा निवडावी, असे त्यात सांगितले आहे. जहाजांसाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे मुलांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला आदेश आजही वाचताना मन भरून येते. आरमार म्हणजे लाकूड, माणसे, अन्न आणि वारा या सगळ्यांचा हिशेब, हे त्या लेखकाने पुरते जाणले होते.

व्यापारी गलबतांची वाट यापेक्षा निराळी नव्हती. मंगळूरला बासेल मिशनने १८६५मध्ये, बसरूरच्या मोहिमेला दोनशे वर्षे झाली त्याच साली, कौलांचा कारखाना काढला. ती मंगलोरी कौले शिडाच्या गलबतांतून कोकणात आणि मुंबईला येऊ लागली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांची छपरे लाल झाली. कौलांनी जड झालेले गलबत उत्तरेला आणायचे, म्हणजे मतलई आणि खारा वारा आळीपाळीने पकडत, वेळ पाहून मुक्काम करत यायचे. घाई करून चालत नसे आणि पावसाळ्याआधी पोचावेही लागे.

१६६५च्या त्या ताफ्याची घरी परतण्याची घाई मात्र फार मोठी होती. महाराज किनाऱ्यावर असतानाच मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग दख्खनेत उतरले होते. मार्चच्या आरंभी ते पुण्याला आले, महिनाअखेरीला पुरंदरला वेढा पडला आणि जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्या यादीत सिंधुदुर्ग नव्हता. कुरटे बेटावरचे बांधकाम चालूच राहिले आणि १६६७मध्ये किल्ला पुरा झाला.