फोटोचा कॅमेरा, सिनेमाचा कॅमेरा आणि कृष्णाकाठचा धंदा

फोटोचा आणि सिनेमाचा कॅमेरा मुळात वेगळे झाले ते यंत्राच्या गरजेपोटी. फोटोसाठी एक काच किंवा फिल्मचा एक तुकडा क्षणभर उजेडात उघडला की काम भागते. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी पुढे ओढायची, थांबवायची, तेवढ्यात झडप उघडून मिटायची आणि पट्टी पुन्हा ओढायची. हाताने मूठ फिरवण्याच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा घडावे लागे. त्यामुळे यंत्रे दोन झाली. माणसे मात्र बहुधा तीच राहिली. मुंबईत सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनीही आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात कॅमेरा आणायचा कुठून, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना निघाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. यंत्र परदेशातून आणण्याऐवजी इथेच घडवण्याची हिंमत त्या दशकात या भागात होती. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांचा कॅमेरा याच वातावरणातला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. बाबूराव मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला होता.

पुढची साठ वर्षे सिनेमाचा कॅमेरा कोल्हापूर, पुणे, मुंबईतल्या स्टुडिओंत राहिला. कराडसारख्या बाजारपेठेच्या गावातल्या फोटो स्टुडिओला तो परवडण्यासारखा नव्हता. कारण किमतीपेक्षा फिल्मचे होते. ३५ मिलिमीटरची हजार फुटांची फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटे चाले. १६ मिलिमीटरची शंभर फुटांची रीळ पावणेतीन मिनिटांत संपे. मंगलाष्टकांची दोन कडवी होईपर्यंत रीळ बदलायची वेळ येई आणि वर धुलाईचा खर्च. लग्नात फोटो निघत, सिनेमा निघत नसे.

व्हीएचएस कॅसेट आली आणि हे गणित बदलले. एका कॅसेटवर तीन तास मावत. १९८० च्या दशकात खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा लग्नाच्या मांडवात शिरला आणि त्याच्यासोबत एक नवी टोळीही. फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा आणि हॅलोजनचा सन गन धरणारा पोरगा तिसरा. त्या झोताने वधूवरांचे डोळे बारीक होत, कपाळावरच्या मुंडावळ्या चमकत आणि मागचे वऱ्हाडी अंधारात जात. मग मिक्सिंग: पाकळ्यांतून उमलणारी नावे, बदामात बसवलेली जोडी, वर हिंदी गाणी. आज त्याला हसणे सोपे आहे. पण हलत्या चित्राचा धंदा तालुक्याच्या गावी उभा केला तो त्याच कॅसेटने.

दोन यंत्रे पुन्हा एकत्र आली २००८ मध्ये. त्या वर्षी निकॉनचा डी९० आणि पाठोपाठ कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हे फोटोचे कॅमेरे व्हिडिओही घेऊ लागले. फाइव्ह-डीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे फोटोच्या जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली चिप त्यापुढे नखाएवढी. माणूस ठळक, मागचे सगळे धूसर, हे सिनेमातले रूप अचानक स्टुडिओवाल्याच्या हाती आले. अडचणीही होत्या. फाइल चार गिगाबाइटला पोहोचली की रेकॉर्डिंग थांबे, म्हणजे सुमारे बारा मिनिटांनी. आवाज सुमार येई. त्यामुळे अक्षता पडताना एक जुना व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर चालू ठेवण्याची खबरदारी शहाणे लोक घेत.

त्याच वर्षी पॅनासॉनिकच्या जी१ ने आतला आरसा काढून टाकला. २०१३ मध्ये सोनीचा ए७ आला आणि मिररलेस कॅमेरा पूर्ण फ्रेमचा झाला. पुढे चेहरा आणि डोळा ओळखून फोकस धरून ठेवणे, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणे, अशा सोयी त्यात आल्या. हाच आजचा ‘हायब्रिड’. ब्लॅकमॅजिक कंपनीने मात्र त्याच २०१३ मध्ये उलटी वाट धरली. त्यांचा पॉकेट सिनेमा कॅमेरा खिशात मावे, पण सेन्सर सुपर सिक्स्टीन फिल्मच्या मापाचा आणि ओढा सगळा सिनेमाकडे. २०१८ चा फोर-के आणि २०१९ चा सिक्स-के यांनी कच्च्या, म्हणजे रॉ चित्रणाची सोय स्वस्तात दिली. या कॅमेऱ्यांत हलत्या माणसावर आपोआप टिकणारा फोकस नाही, सेन्सरचे स्थिरीकरण नाही, बॅटरी लवकर उतरते. शॉट आधी ठरवून, दिवे लावून काम करणाऱ्याला याने फारसे अडत नाही.

हायब्रिड आणि सिनेमा कॅमेऱ्यातला पहिला फरक रंगाच्या बाबतीत दिसतो. आठ बिटांच्या चित्रणात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, दहा बिटांत १,०२४. कराड तालुक्यातल्या पालला पौषात खंडोबा-म्हाळसेचा विवाह असतो. तारळीकाठी भंडारा उधळला की हवा, माणसे, पागोटी सगळी पिवळी. आठ बिटांत या पिवळ्याचे थर पडतात आणि चेहरेही त्यात बुडतात. रॉ किंवा दहा बिटांच्या चित्रणात नंतर ग्रेडिंग, म्हणजे रंगांची जुळणी, करताना कातडीचा रंग वेगळा काढता येतो. मात्र त्या गर्दीत लेन्स बदलायला गेले तर भंडारा थेट सेन्सरवर बसतो, हे दोन्ही जातींच्या कॅमेऱ्यांना सारखेच.

दुसरा फरक विजेचा. भारतातला पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने २४ चौकटींवर चित्रण करताना काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. सिनेमा कॅमेऱ्यात शटरचा कोन १७२.८ अंश ठेवला की सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो आणि लुकलुक थांबते. फोटोच्या परंपरेतला कॅमेरा बहुधा सेकंदाच्या भागांत बोलतो, तिथे १/५० लावले की तेच साधते.

तिसरा फरक हार्ड डिस्कचा, आणि गावाकडच्या स्टुडिओत निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो. सेकंदाला १०० मेगाबिटने चाललेला हायब्रिड तासाला ४५ गिगाबाइट भरतो. फोर-के रॉ माफक दाबले तरी त्याच्या तिप्पट-चौपट जागा खाते. हळद, लग्न, वरात धरून आठ-दहा तासांचे चित्रण, मोसमात ओळीने ऑर्डरी, शिवाय अल्बमसाठी फोटो हवेतच. अशा धंद्यात हायब्रिडला तोड नाही. लघुपट, गाण्याचा व्हिडिओ किंवा कारखान्याची जाहिरात असेल तर सिनेमा कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणणे हिशेबात बसते. फाळक्यांच्या काळी यंत्र आणि लागणारी फिल्म विकतच घ्यावी लागे. भाड्याच्या सोयीने निवडीचा अर्धा ताण गेला आहे.

अलीकडे मधली भिंतही पातळ झाली. २०२१ चा सोनी एफएक्स३ हा सिनेमा कॅमेरा म्हणून विकला जातो, पण त्यात फोकस हायब्रिडचा आहे, फोटोही निघतात, आणि गरम होऊ नये म्हणून पंखा बसवला आहे. २०२३ चा ‘द क्रिएटर’ हा हॉलिवूडचा मोठा चित्रपट त्यावर चित्रित झाला. २०२४ मध्ये निकॉनने रेड ही सिनेमा कॅमेऱ्यांची कंपनीच विकत घेतली.