रणांगणातील धूर आणि पडद्यावरील धूर : उंबरखिंडीच्या परिसरातून एक विचार

युद्धातील धुराचे प्रयोजन दृष्टी झाकणे हे आहे, तर चित्रपटातील धुराचे प्रयोजन दृष्टीला वळण लावणे हे आहे. हा भेद वरवर पाहता साधा वाटतो. परंतु ऐतिहासिक चित्रपट आणि दूरचित्रवाणी-मालिका पाहून ज्यांची भूतकाळाविषयीची कल्पना घडते, त्यांच्या बाबतीत तो विसरला जाण्याचे परिणाम बरेच दूरवर जातात. या भेदाचा विचार करण्यास कर्जत-खालापूरचा टापू विशेष सोयीचा आहे, कारण एक प्रत्यक्ष रणभूमी आणि कृत्रिम रणभूमी उभारणारा एक चित्रपट-कलागार ही दोन्ही तेथे एकाच तालुक्यात आढळतात.

प्रथम रणभूमीचा विचार करू. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्तेखानाने पुण्याहून कोकणात धाडलेला सरदार कारतलबखान सह्याद्री उतरून खालापूर तालुक्यातील आजच्या चावणी गावानजीकच्या उंबरखिंडीत आला. तेथे शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची पुढची व मागची वाट अडवली. या प्रसंगाचे विस्तृत वर्णन कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या समकालीन संस्कृत काव्यात येते. मोगल सैन्यासोबत असलेल्या रायबागन हिच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन आपली सुटका करून घेतली. या विजयाचे मर्म शोधू लागले असता अरुंद वाट, दाट अरण्य आणि दबा धरून बसलेले पायदळ या तीन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. येथे लपण्याचे काम धुराने केले नाही. ते झाडीने केले.

तत्कालीन शस्त्रास्त्रांना धूर अपरिचित होता असे मात्र नव्हे. सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून होणारी काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपाने उरतो आणि त्याचाच पांढरा, दाट धूर होतो. परंतु हा धूर गोळीबाराचा परिणाम असतो. तो बार उडाल्यानंतर उमटतो आणि बार काढणाऱ्याची जागा शत्रूला दाखवून देतो. किल्ल्यांच्या तटांवरून फेकले जाणारे दारूचे हुक्के हेही जाळण्यासाठी आणि भय उत्पन्न करण्यासाठी होते, आडोसा निर्माण करण्यासाठी नव्हते. आडोशासाठी धुराचा बुद्धिपुरस्सर वापर झाल्याची उदाहरणे त्या काळच्या युरोपात मिळतात. १७०१ मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याने ओला पेंढा व गवत जाळून त्या धुराच्या आड द्यूना नदी ओलांडली.

ज्याला सैन्यात ‘स्मोक ग्रेनेड’ म्हणतात तो धुराचा हातगोळा विसाव्या शतकातील आहे, आणि त्याच्या जन्माचे कारण काहीसे विरोधाभासात्मक आहे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ निर्धूम दारू सिद्ध केली. रणांगण स्वच्छ झाले, लांबवर दिसू लागले आणि म्हणूनच सैनिकाला दिसेनासे करण्याची कृत्रिम साधने आवश्यक ठरली. पहिल्या महायुद्धात पांढऱ्या फॉस्फरसचा वापर झाला. पुढे हेक्झाक्लोरोएथेन आणि झिंक ऑक्साइड यांच्या मिश्रणाचा प्रसार झाला. या मिश्रणातून निघणारे झिंक क्लोराइड हवेतील आर्द्रता शोषून दाट धुके तयार करते. रंगीत धुराचा हातगोळा यांहून वेगळा. त्याचे मुख्य कार्य लपवणे नसून विमानास किंवा दूरच्या तुकडीस खूण करणे हे होय. खंडाळ्याच्या घाटमाथ्यापलीकडील देहूरोड आयुध निर्माणीत आज धुराचा व संकेतांचा दारूगोळा तयार होतो.

आता कृत्रिम रणभूमीकडे वळू. कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेले एन. डी. स्टुडिओ कर्जतच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते खालापूर तालुक्यात चौकजवळ आहे. ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटासाठी आग्र्याच्या किल्ल्याचा देखावा येथेच उभा राहिला, आणि देसाई यांची निर्मिती असलेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिकाही येथे आकारास आली. अशा ठिकाणी धूर हे प्रकाशयोजनेचे साधन असते. हवेतील सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरला म्हणजे किरणांचा झोत दिसू लागतो, पुढचे पात्र मागच्या देखाव्यापासून सुटे होते, आणि शंभर माणसांचे सैन्य हजारांचे भासते. लाकूड व प्लास्टरच्या तटबंदीचे दोषही त्यात लपतात. हा धूर बहुधा ग्लायकॉल व पाणी यांच्या वाफेचा किंवा खनिज तेलाच्या तुषारांचा असतो.

या तंत्राला दोष देण्याचे कारण नाही. मात्र त्यातून तीन गैरसमज दृढ होतात. पहिला कालक्रमाचा : पडद्यावर पहिली बंदूक उडण्यापूर्वीच दरी धुराने भरलेली असते, म्हणजे परिणाम कारणाच्या आधी येतो. दुसरा कार्याचा : आधुनिक युद्धपटांत हातगोळा पडताक्षणी नायक अदृश्य होतो. वास्तविक धुराचा पडदा दाट होण्यास काही सेकंद लागतात, तो सुमारे एक-दीड मिनिट टिकतो आणि वारा फिरल्यास फेकणाऱ्यावरच उलटतो. तिसरा आणि सर्वांत गंभीर गैरसमज निरुपद्रवीपणाचा. पडद्यावर धुरातून चालणारा सैनिक खोकतही नाही. पण झिंक क्लोराइडचा धूर बंदिस्त जागेत फुप्फुसांना गंभीर इजा करतो आणि त्याने मृत्यूही ओढवले आहेत.

याच परिसरातील नंतरच्या काळाचे एक उदाहरण येथे उपयोगी पडते. माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात विजेचे मनोरे पाडले, आणि रानाचा आश्रय घेतलेले कोतवाल व हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. रानात लपलेल्या माणसाला धूर म्हणजे आडोसा नव्हे. चुलीतून निघालेली एक रेघही ठावठिकाणा सांगू शकते. उंबरखिंडीत दबा धरणाऱ्या मावळ्यांनाही हाच नियम लागू होता.

सारांश, सह्याद्रीतील लढायांचा अभ्यास करणाऱ्याने पडद्यावरील धूर बाजूला सारून वाट, उतार, झाडी आणि पाणी यांकडे पाहिले पाहिजे. शिवकालीन विजयाचे श्रेय धुराला देणे म्हणजे ते भूगोलाच्या ज्ञानाकडून आणि पायदळाच्या शिस्तीकडून काढून घेणे होय. चावणीपर्यंत जाऊन ती खिंड पाहिल्यास, पुढची व मागची वाट अडवल्यावर मोठे सैन्यही हतबल का झाले, हे धुराच्या साहाय्यावाचून समजते.