पडद्याआड

कमानीतून आलेलं सकाळचं ऊन पायांवर पडलंय, पण पाय जणू तुमचे नाहीतच. साल १९१२, पुण्याचं ससून रुग्णालय. तुम्ही पासष्टीच्या आहात. वाड्याच्या जिन्यावरून घसरून मांडीचं हाड मोडलंय. रात्री अंथरूण ओलं झालं. हाक मारावी तर पलीकडच्या खाटेवरची ऐकेल. म्हणून पहाटेपासून तुम्ही डोळे मिटून पडून आहात.

ती येते. विशीची असेल, कपाळ मोकळं. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनातून इथे नर्सिंग शिकायला आलेली. १९०९ साली निघालेली ती संस्था. परक्याचं मलमूत्र काढायला भल्या घरची लेक कशी धाडायची, असं तुमच्याच ओसरीवर बोललं गेलं होतं. तुम्हीही मान डोलावली होती.

ओल्या चादरीबद्दल ती चकार शब्द काढत नाही. आधी पडदा ओढते, मग पाण्यात कोपर बुडवून पाहते.

"आजी, अंग पुसून देऊ? गार लागलं तर लगेच सांगा."

तरी तुमचं अंग आक्रसतं. त्याला १८९७ आठवतंय. प्लेगची गाठ काखेत, जांघेत येते, म्हणून गोरे सोजीर घराघरांत शिरले होते. शेजारच्या सुनेला अंगणात चारचौघांदेखत उभं केलं होतं. आजार हुडकायला हवाच होता. पण त्या पोरीला कुणी विचारलं नाही, साधा आडोसासुद्धा केला नाही. पुढे महिनाभर ती हौदावर पाण्याला आली नाही.

इथे चादर गळ्यापर्यंत आहे. एक हात बाहेर येतो, पुसला जातो, कोरडा होतो, परत झाकला जातो, मगच दुसरा. सगळं अंग एकदम उघडं पडतच नाही. शुश्रूषेचं खरं कसब मला या झाकण्यात दिसतं, आणि घाईच्या वॉर्डात आजही आधी तेच सुटतं.

ती पाणी बदलून आणते. पिळलेलं फडकं तुमच्या हातात देते.

"इथलं तुम्हीच पुसाल का? मी पाठ करून उभी राहते. हात पुरला नाही तर हाक मारा."

हात थरथरतो, वेळ लागतो. ती वळून पाहत नाही, घाई करत नाही.

"झालं गं," तुम्ही म्हणता.

मग ती तुम्हाला हलकेच कुशीवर वळवते, कोरडी चादर सारते, पाठीला पावडर लावते. सकाळपासून पहिल्यांदाच तुम्ही डोळे पुरते उघडता.

"कुठली गं तू, पोरी?"