फिलाडेल्फिया, 1918 : मिरवणुकीआधीचे आणि नंतरचे तास

साथीच्या काळात निर्बंध किती लावावेत आणि केव्हा लावावेत, हा वाद करोनाच्या वेळी, 2020-21 मध्ये, आपल्या घराघरांत झाला. हातावर पोट असलेल्यांची चूल, मुलांची बुडालेली शाळा, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांचे हाल, हे सगळं त्या वादात खरं होतं. प्राणवायूवाचून गेलेली माणसंही तितकीच खरी होती. या वादात वेळेचं मोल काय असतं, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने 1918 सालचं फिलाडेल्फिया पाहावं. सुमारे 17 लाख वस्तीच्या या अमेरिकी शहराने इन्फ्लुएन्झाच्या ऐन साथीत एक मिरवणूक काढली. ती काढू नका म्हणून सांगणारे डॉक्टर होते आणि ती थांबवू शकेल असा अधिकारीही होता. पुढचा घटनाक्रम त्या मिरवणुकीचा दिवस, म्हणजे 28 सप्टेंबर, शून्य धरून तासांत मांडला आहे.

504 तास आधी : शनिवार, 7 सप्टेंबर

बॉस्टनहून सुमारे 300 खलाशी फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत दाखल होतात. बॉस्टनच्या कॉमनवेल्थ पिअर या धक्क्यावर ऑगस्टच्या अखेरीपासून खलाशी तापाने आडवे पडत आहेत. पण पहिलं महायुद्ध निकराला आलेलं आहे. माणसं एका तळावरून दुसऱ्या तळावर हलवणं हे नौदलाचं रोजचं काम आहे आणि तापासाठी ते थांबवायचं कोणाच्या मनात येत नाही.

408 तास आधी : बुधवार, 11 सप्टेंबर

गोदीतले 19 खलाशी आजारी पडतात. लक्षणं नेहमीच्या इन्फ्लुएन्झाची, पण त्यातल्या काहींचा आजार भलत्याच वळणाला जातो. नाकातून रक्त येतं, फुप्फुसं पाण्याने भरतात, चेहरा निळा-काळा पडतो. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना गाठतो. हा 20 ते 40 वयाच्या धडधाकट माणसांना नेतो. फिलाडेल्फियाच्या फिप्स इन्स्टिट्यूटमधले नामांकित संशोधक पॉल लुइस कारण शोधण्याच्या कामाला लागतात.

264 तास आधी : मंगळवार, 17 सप्टेंबर

नौदलाचं रुग्णालय अपुरं पडल्यामुळे काही खलाशांना शहरातल्या रुग्णालयात हलवलं गेलं होतं. त्या रुग्णालयातले 5 डॉक्टर आणि 14 परिचारिका एकाच दिवशी कोसळतात. आदल्या दिवसापर्यंत त्यांच्यात कसलंही लक्षण नव्हतं. गोदीची भिंत ओलांडून आजार आता नागरी वस्तीत आला आहे. शहराने धोक्याची पहिली खूण म्हणून हाच दिवस धरायला हवा होता.

240 तास आधी : बुधवार, 18 सप्टेंबर

शहराचं आरोग्य खातं थुंकणं, खोकणं आणि शिंकणं यांविरुद्ध प्रचारमोहीम सुरू करतं. सल्ला चांगलाच आहे. पण त्यात सारी जबाबदारी एकेकट्या माणसावर टाकलेली आहे. गर्दीविषयी त्यात काही नाही. इकडे शहरातले एक चतुर्थांशाहून जास्त डॉक्टर युद्धाच्या कामावर गेलेले आहेत आणि परिचारिकांचा तुटवडा त्याहून मोठा आहे. साथ भडकली तर उपचार करायला माणसंच उरलेली नाहीत, ही गोष्ट खात्याला माहीत आहे.

168 तास आधी : शनिवार, 21 सप्टेंबर

इन्फ्लुएन्झाच्या रुग्णाची नोंद आरोग्य खात्याकडे करणं डॉक्टरांना बंधनकारक होतं. याच सुमारास पॉल लुइस यांना रुग्णांच्या घशात एक जिवाणू सापडतो आणि कारण हाती लागलं, असा दिलासा शहराला मिळतो. तो दिलासा खोटा ठरणार आहे. फ्लू विषाणूमुळे होतो आणि माणसातला हा विषाणू वेगळा काढता येण्यासाठी 1933 साल उजाडावं लागेल. 1918 मध्ये ना लस आहे, ना औषध. माणसांनी एकमेकांपासून लांब राहणं हा एकच उपाय उपलब्ध आहे.

48 तास आधी : गुरुवार, 26 सप्टेंबर

अमेरिकी लष्कराचे भरतीप्रमुख जनरल इनॉक क्राउडर ऑक्टोबरमधली सैन्यभरती रद्द करतात. 1 लाख 42 हजार तरुणांना छावण्यांमध्ये हजर व्हायचं होतं. बॉस्टनजवळच्या कॅम्प डेव्हन्स छावणीत सैनिक इतक्या झपाट्याने मरत आहेत की, नवी माणसं आत पाठवणं लष्करालाच परवडेनासं झालं आहे. युद्ध जिंकणं हे ज्यांचं एकमेव काम, त्यांनीही गर्दीपुढे हात टेकले आहेत. फिलाडेल्फियाच्या नगर प्रशासनाला मिरवणुकीचा निर्णय बदलायला याहून भक्कम आधार मिळाला नसता.

24 तास आधी : शुक्रवार, 27 सप्टेंबर

आज शहरातल्या रुग्णालयांत इन्फ्लुएन्झाचे 200 नवे रुग्ण दाखल झाले आहेत. त्यांतले 123 साधे नागरिक आहेत.

उद्या ब्रॉड स्ट्रीटवरून लिबर्टी लोनची मिरवणूक निघायची आहे. युद्धखर्चासाठी सरकार जनतेकडून रोख्यांच्या रूपाने कर्ज घेत आहे. उद्यापासून सुरू होणाऱ्या चौथ्या कर्जाचं देशभरातलं उद्दिष्ट 600 कोटी डॉलर आहे आणि प्रत्येक शहराला आपला वाटा ठरवून दिला आहे. आपलं शहर मागे पडलं, ही नामुष्की कोणाही पुढाऱ्याला नको आहे.

निर्णय आरोग्य संचालक डॉ. विल्मर क्रूसेन यांच्या हातात आहे. ते पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ आणि महापौर थॉमस स्मिथ यांनी नेमलेले. शहरातले डॉक्टर त्यांना मिरवणूक रद्द करा म्हणून विनवतात. डॉ. हॉवर्ड अँडर्स वार्ताहरांना बजावतात की, हा जमाव म्हणजे पेट घ्यायला तयार असलेला दारूगोळा आहे. वृत्तपत्रं त्यांचा इशारा छापत नाहीत. युद्धकाळातल्या राजद्रोहाच्या कायद्याने आणि देशभक्तीच्या दडपणाने सगळ्यांचीच तोंडं बांधली आहेत. मनोधैर्य खचेल अशी बातमी म्हणजे शत्रूला मदत, अशी तेव्हाची हवा आहे.

क्रूसेन यांना आज खलनायक ठरवणं सोपं आहे. त्यांच्यासमोर काय होतं, ते नीट पाहायला हवं. मिरवणूक रद्द केली तर होणारं नुकसान त्यांना लख्ख दिसत होतं. बुडणारे रोखे, चिडणारा महापौर, टीका करणारी वृत्तपत्रं, हे सगळं दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहिलं असतं. मिरवणूक काढल्याने होणारं नुकसान मात्र अजून कोणत्याही नोंदवहीत उतरलेलं नव्हतं. निर्बंध वेळेवर लावले तर काय टळलं, हे कोणालाच दिसत नाही. म्हणून असा निर्णय घेणाऱ्याच्या वाट्याला आधी शिव्याच येतात. त्या खाण्याची तयारी क्रूसेन यांची नव्हती. मिरवणूक होणार, असं त्यांनी ठरवलं.

शून्य तास : शनिवार, 28 सप्टेंबर

ब्रॉड स्ट्रीटवर दोन मैल लांबीची मिरवणूक निघते. बँडपथकं, सैनिक, खलाशी, बालवीर, स्त्रियांची पथकं. नौदल गोदीत बांधलेल्या उडत्या नौकेचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा, सांगाडा गाड्यावरून ओढत नेला जातो. दोन्ही फुटपाथांवर सुमारे 2 लाख लोक खांद्याला खांदा लावून उभे आहेत. ते गातात, घोषणा देतात, रोखे विकत घेतात. त्या गर्दीत कोण आजारी, हे कोणालाच माहीत नाही.

72 तासांनंतर : मंगळवार, 1 ऑक्टोबर

या विषाणूला शरीरात शिरून ताप आणायला एक-दोन दिवस पुरतात. शनिवारी ज्यांना लागण झाली ते सोमवारी-मंगळवारी अंथरुणाला खिळतात. तीन दिवसांत शहरातल्या 31 रुग्णालयांमधली प्रत्येक खाट भरते. आजच्या एका दिवसात 117 मृत्यू होतात.

हे 117 जण बहुतेक मिरवणुकीच्या आधी आजारी पडलेले आहेत. लागण आणि मृत्यू यांच्यात साधारण आठ-दहा दिवस जातात. शनिवारच्या गर्दीची खरी किंमत अजून वसूल व्हायची आहे आणि ती आता कोणत्याही हुकमाने टळणार नाही.

120 तासांनंतर : गुरुवार, 3 ऑक्टोबर

शाळा, चर्च, नाटकगृहं बंद. सार्वजनिक सभांवर बंदी. पाच दिवसांपूर्वी एक मिरवणूक थांबवायला जे कचरले, त्यांना आता अख्खं शहर थांबवावं लागतं. यावरही टीका होतेच. सरकार लोकांना भीतीनेच मारणार आहे काय, असं एक मोठं वृत्तपत्र विचारतं आणि वाचकांना आजाराऐवजी आनंदाच्या गोष्टी बोलायला सांगतं.

168 तासांनंतर : शनिवार, 5 ऑक्टोबर

254 मृत्यू. साथीने शिखर गाठलं आहे, आता ती ओसरेल, असं अधिकारी सांगतात. दुसऱ्या दिवशी 289 माणसं दगावतात. त्यानंतरच्या दोन दिवसांत रोज 300 हून अधिक. शिखर गाठल्याची घोषणा पुन्हा होते, आकडा पुन्हा वर जातो आणि सरकारी शब्दावरचा लोकांचा विश्वास उडतो.

192 तासांनंतर : रविवार, 6 ऑक्टोबर

याच दिवशी आपल्या मुंबईत 768 मृत्यूंची नोंद होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जिला मानमोडी म्हणत, ती हीच साथ. मुंबईचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांच्या नोंदींनुसार शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी 8.3 माणसं गेली. सरकारी भाषेत ज्यांना ‘खालच्या जातींचे हिंदू’ म्हटलं गेलं, त्यांच्यात हजारी 61.6. विषाणू एकच होता. फरक राहण्याच्या जागेचा, पोटातल्या अन्नाचा आणि जवळ डॉक्टर असण्या-नसण्याचा होता. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महागलं होतं. संपूर्ण हिंदुस्थानात या साथीने किमान सव्वा कोटी माणसं नेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

216 तासांनंतर : सोमवार, 7 ऑक्टोबर

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या सेंट लुईस शहरात नागरी वस्तीतले पहिले रुग्ण दोनच दिवसांपूर्वी, 5 ऑक्टोबरला, आढळले आहेत. तिथले आरोग्य आयुक्त डॉ. मॅक्स स्टार्कलॉफ आज शाळा, नाटकगृहं, सभा-समारंभ बंद करण्याचा निर्णय घेतात. व्यापारी विरोध करतात. चर्च बंद ठेवायला आर्चबिशप ग्लेनन यांचा आक्षेप आहे. महापौर हेन्री कील मात्र आपल्या आयुक्तांच्या पाठीशी उभे राहतात. फिलाडेल्फियाला पहिल्या रुग्णांपासून बंदीपर्यंत जायला 16 दिवस लागले. सेंट लुईसला 2 दिवस.

288 तासांनंतर : गुरुवार, 10 ऑक्टोबर

फिलाडेल्फियात एका दिवसात 759 मृत्यू. साथीआधी अपघात, आजार, खून, आत्महत्या सगळं मिळून या शहरात आठवड्याला सरासरी 485 माणसं मरत.

36 मृतदेहांची सोय असलेल्या शवागारात 200 देह एकावर एक रचले आहेत. शवपेट्या संपल्या आहेत. ट्राम बांधणारा कारखाना मालाची खोकी शवपेट्यांसाठी देतो. कबरी खणायला मजूर मिळत नाहीत म्हणून धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी फावडी हाती घेतात, पुढे वाफेच्या यंत्रांनी लांबलचक चर खणले जातात. अत्यावश्यक कामाशिवाय फोन करू नका, असं टेलिफोन कंपनी विनवते, कारण जोडून द्यायला माणसं नाहीत. चर्चमधल्या जोगिणी रुग्णसेवेला बाहेर पडल्या आहेत. अनेक घरांत मृतदेह दिवसेंदिवस तसेच पडून आहेत, कारण घरातली जिवंत माणसंही उठण्याच्या स्थितीत नाहीत. साथ ओसरेपर्यंत शहराने 12 हजारांहून अधिक माणसं गमावलेली असतील.

हिशेब

सप्टेंबर 1918 ते फेब्रुवारी 1919 या 24 आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू पुढे अभ्यासकांनी मोजले. फिलाडेल्फियात ते दर लाखामागे 748 भरले, सेंट लुईसमध्ये 358.

हे आकडे प्रामाणिकपणे वाचायचे तर आणखी तीन गोष्टी सांगायला हव्यात. एक, सगळा दोष मिरवणुकीचा नाही. विषाणू आधीच शहरात होता आणि मिरवणुकीविनाही साथ आली असती. दोन, निर्बंध म्हणजे हमी नव्हे. पिट्सबर्गलाही राज्य सरकारच्या आदेशाने जमावबंदी आली होती, तरी तिथला दर 807 झाला. तीन, सेंट लुईसनेही नोव्हेंबरच्या मध्यात बंदी उठवली, तेव्हा रुग्ण पुन्हा वाढले आणि महिन्याच्या अखेरीस बंदी परत आणावी लागली. 43 शहरांच्या तुलनेतून हाती आलेला निष्कर्ष असा आहे: निर्बंध लवकर लागले, एकापेक्षा जास्त प्रकारचे होते आणि पुरेसा काळ टिकले, तिथे एकूण मृत्युदर कमी राहिला.

मृत्युदर हा मागचा हिशेब सांगणारा आकडा आहे. आजचे मृत्यू दहा दिवसांपूर्वीच्या गर्दीचे असतात. तो आकडा मोठा होईपर्यंत निर्णय लांबवणं म्हणजे पुढच्या दहा दिवसांचे मृत्यू आधीच मान्य करणं. निर्बंधांना विरोध करणाऱ्यांचे प्रश्न रास्त आहेत. रोजगार बुडाला तर भरपाई कोण देणार, बंदी कधी उठणार, श्रीमंत घरात बसला आणि गरीब उपाशी राहिला तर काय, हे विचारलंच पाहिजे. त्यांची उत्तरं साथ येण्याआधी तयार ठेवणं हे सरकारचं काम आहे. पण उत्तरं तयार नाहीत म्हणून गर्दी होऊ द्यायची, ही फिलाडेल्फियाची चूक होती.

पुढची साथ येईल तेव्हा कोणत्या तरी शहरात, कोणत्या तरी अधिकाऱ्यासमोर, एखादी मिरवणूक, जत्रा किंवा प्रचारसभा चोवीस तासांवर आलेली असेल. त्याने ती थांबवली आणि नंतर काहीच घडलं नाही, तर उगाच थांबवली म्हणून त्याला दोष देऊ नका. काहीच न घडणं, हेच त्याच्या निर्णयाचं यश असेल.