साथपूर्वतयारीची विधिमंडळीय छाननी : खानदेश (जळगाव व धुळे)

साथीच्या रोगाला किंवा अन्य आपत्तीला तोंड देण्यासाठी सरकारने कोणती तयारी केली, त्यासाठी किती पैसा ठेवला आणि कागदावरचे प्रत्यक्षात किती उतरले, याची निवडून आलेल्या सभागृहाने केलेली तपासणी. महाराष्ट्रात हे काम विधानसभा, विधान परिषद आणि दोन्ही सभागृहांच्या समित्यांकडे आहे. जळगाव जिल्ह्यातून ११ आणि धुळे जिल्ह्यातून ५ असे १६ आमदार विधानसभेत जातात. २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनाने जळगावात माणसे राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात दगावत होती, तेव्हा हे सभागृह बंद होते. त्यामुळे या विषयात खानदेशची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

आराखडा कोण करतो, कोण पाहतो

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी हे सदस्य. आमदाराला या प्राधिकरणावर पदसिद्ध जागा नाही. प्राधिकरणाने स्थानिक स्वराज्य संस्थांशी बोलून जिल्हा आराखडा करायचा, राज्य प्राधिकरणाने तो मंजूर करायचा आणि दरवर्षी त्याचा फेरआढावा घ्यायचा, अशी कायद्याची रीत आहे. राज्य प्राधिकरणाचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवणे बंधनकारक आहे. जिल्हा आराखड्याला मात्र तशी सक्ती नाही. जळगावच्या किंवा धुळ्याच्या कलेक्टर कचेरीत तयार झालेला आराखडा मुंबईत मंजूर होतो, पण आमदारांच्या बाकापर्यंत तो आपोआप पोहोचत नाही. कोणी प्रश्न विचारला तरच तो सभागृहात येतो, आणि प्रश्न बहुधा आपत्ती येऊन गेल्यावर विचारला जातो.

जिल्हा नियोजन समितीत आमदार निमंत्रित म्हणून बसतात आणि पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. रुग्णवाहिका, प्राणवायूची टाकी, खाटा यांच्या निधीचे बोलणे तिथेच होते. पण ती निधी वाटणारी बैठक आहे. तयारी पुरेशी होती का, हे तिथे कोणी शपथेवर सांगत नाही.

कायद्याचा जुना वारसा

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग उघड झाला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. विधेयक मांडल्यापासून मंजुरीपर्यंत आठवडासुद्धा जेमतेम गेला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. ते नियम कोणत्याही सभागृहापुढे ठेवण्याची अट मूळ मसुद्यात नव्हती. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क नुकताच मिळाला होता आणि प्लेगच्या त्या दिवसांत लोकमान्य टिळक मुंबई कौन्सिलाचे सभासद होते. तरीही घरझडतीचे नियम अधिकारीच ठरवत राहिले. १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्राने कोरोनाशी लढण्यासाठी हाच कायदा लागू केला आणि १४ मार्चला त्याखाली नियम काढले. त्याच दिवशी विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन वेळेआधी गुंडाळले गेले. मुळात ते २० मार्चपर्यंत चालणार होते.

२००६ : नवापूरची पूर्वसूचना

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. याच नंदुरबारातील नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला, आणि देशातील हा पहिला नोंदलेला उद्रेक ठरला. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातील काही गावांत आढळला. लाखो पक्षी मारावे लागले, पोल्ट्रीवर पोट असलेली कुटुंबे उघड्यावर आली. देशात माणसांच्या संभाव्य महासाथीचा विचार कोठून सुरू व्हायला हवा होता, तर तो इथून. पुढे नवापुरात २०२१ मध्येही बर्ड फ्लू परतला. खानदेशात आपत्तीची आठवण मात्र प्रामुख्याने तापी, गिरणा आणि पांझरेच्या पुरांची, रणरणत्या उन्हाची, अलीकडे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथील रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटाची. पूर दिसतो, आग दिसते, म्हणून त्यांच्यासाठी बोटी आणि बंब मागितले जातात. विषाणूसाठी प्रयोगशाळा आणि डॉक्टर आधीच मागून ठेवावे लागतात.

जळगाव, २०२०

जळगाव शहरातील मेहरूण भागात मार्च २०२० च्या अखेरीस पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये अमळनेर, नंतर पाचोरा, भुसावळ आणि जळगाव शहर असा फैलाव झाला. मे संपता संपता जळगाव जिल्ह्यात सापडलेल्या रुग्णांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले होते. राज्याचे प्रमाण त्या वेळी साडेतीन टक्क्यांच्या आत होते. धुळ्यातही सुरुवातीचे आकडे काळजी वाढवणारे होते. स्वॅबची तपासणी सुरुवातीला जळगावात होत नव्हती. नमुने आधी पुण्याला आणि पुढे धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण संशयितांच्या वॉर्डात पडून राही, आणि कित्येकदा रिपोर्टच्या आधी माणूस जाई.

कारणांचा माग काढला की एक गुंता हाती येतो. धुळ्याचे वैद्यकीय महाविद्यालय जुने. जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले, आणि त्यासाठी गावातले जुने जिल्हा रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’, महाविद्यालयाकडे गेले. परिणामी सिव्हिलमध्ये अधिष्ठाता वैद्यकीय शिक्षण खात्याचे, जिल्हा शल्यचिकित्सक सार्वजनिक आरोग्य खात्याचे, खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे, शहरातली व्यवस्था महापालिकेकडे, आणि भुसावळचे रेल्वे रुग्णालय तर केंद्राचे. साथ एकच होती, तिला उत्तर देणारे दरवाजे पाच. आमदाराने सभागृहात प्रश्न टाकायचा तर तो कोणाच्या नावे टाकायचा? राजेश टोपे आरोग्यमंत्री होते, अमित देशमुख वैद्यकीय शिक्षणमंत्री. गुलाबराव पाटील जळगावचे आणि अब्दुल सत्तार धुळ्याचे पालकमंत्री. माझ्या मते जळगावच्या मृत्यूंची खरी छाननी याच जोडणीपासून सुरू व्हायला हवी होती. रुग्णालयाचे हस्तांतर झाले त्या दिवशी साथीच्या वेळी आदेश कोणाचा चालणार, हे लिहून ठेवले होते का, हा पहिला प्रश्न होता.

१० जून २०२० रोजी सिव्हिलच्या स्वच्छतागृहात एका वृद्ध कोरोना रुग्णाचा मृतदेह आढळला. ती महिला २ जूनपासून बेपत्ता असल्याची नोंद होती. आठ दिवस तिला इतरत्र शोधले गेले आणि ती रुग्णालयाच्या आतच होती. गुन्हा नोंदवला गेला, अधिष्ठात्यांसह काही डॉक्टर व कर्मचारी निलंबित झाले, जिल्हाधिकाऱ्यांची बदली झाली. शिक्षा झपाट्याने झाल्या. वॉर्डात रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, रात्रपाळीला कोण असे, किती पदे कधीपासून रिकामी होती, याची उत्तरे निलंबनाच्या आदेशात नसतात. ती सभागृहात मागावी लागतात.

बंद सभागृह

पावसाळी अधिवेशन २२ जून २०२० रोजी सुरू होणार होते. ते ठरल्याप्रमाणे भरले असते तर जळगावची ती घटना बारा दिवसांत सभागृहासमोर आली असती. अधिवेशन आधी ३ ऑगस्टला ढकलले, मग ७ सप्टेंबरला, आणि भरले ते दोन दिवसांसाठी. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक खंड पडू नये ही राज्यघटनेची अट आहे. ती मुदत संपायला आठवडाही उरला नव्हता. त्या दोन दिवसांत प्रश्नोत्तरांचा तास नव्हता, लक्षवेधी सूचना नव्हत्या. सुमारे २९ हजार कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मात्र मंजूर झाल्या. हिवाळी अधिवेशन नागपूरऐवजी मुंबईत १४ व १५ डिसेंबरला, तेही दोन दिवसांचे.

सदस्यांच्या जिवाची काळजी रास्त होती. बंद दालनात साथ पसरते हे सर्वांना दिसत होते. पण तारांकित प्रश्नाला लेखी उत्तर देता येते, समितीची बैठक दूरदृश्य प्रणालीने घेता येते, आणि हे मार्ग पुरेसे वापरले गेले नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी जुलैत जळगावला भेट दिली. आमदार आपापल्या मतदारसंघांत खाटा, इंजेक्शने आणि प्राणवायू मिळवण्यासाठी धावत होते. त्या धावपळीला तोड नव्हती. तिचे रूपांतर नोंदलेल्या प्रश्नोत्तरात मात्र झाले नाही, आणि नोंद नसेल तर पुढच्या साथीला हाताशी काही राहत नाही.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ नंतर, हे काम बरेचसे न्यायालयाकडे गेले. जळगाव आणि धुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. प्राणवायू, औषधे आणि व्हेंटिलेटर यांच्या तक्रारींची या खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नंतर ५ व ६ जुलै २०२१ चे दोन दिवसांचे पावसाळी अधिवेशन भरले. ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून गोंधळ झाला आणि पीठासीन अधिकाऱ्यांशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यांत जामनेरचे गिरीश महाजन आणि शिंदखेड्याचे जयकुमार रावल होते. महाजन आधीच्या सरकारात वैद्यकीय शिक्षणमंत्री होते, म्हणजे जळगावच्या महाविद्यालयाचा प्रारंभ ज्यांना आतून ठाऊक, तेच बाहेर गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन रद्द केले. अधिवेशनापलीकडे लांबवलेले निलंबन हे मतदारसंघालाच प्रतिनिधीविना ठेवते, असा त्या निकालाचा रोख होता. डिसेंबर २०२१ चे अधिवेशन तोवर होऊन गेले होते. दुसऱ्या लाटेचा हिशेब मागण्याच्या काळात खानदेशच्या सोळांपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या.

समित्या आणि लेखापरीक्षा

संसदेत १९९३ पासून खात्यांना जोडलेल्या स्थायी समित्या आहेत. राज्यसभेच्या अखत्यारीतील आरोग्य समितीने नोव्हेंबर २०२० मध्येच कोरोना हाताळणीवर अहवाल दिला. केरळच्या विधानसभेत विषय समित्या आहेत. २०२० मध्ये महाराष्ट्र विधिमंडळात आरोग्य खात्यासाठी तशी समिती नव्हती. अंदाज समिती, लोकलेखा समिती आणि पंचायत राज समिती यांच्या दौऱ्यांवरच भिस्त होती. समिती जिल्ह्यात येते, फायली मागवते, दवाखान्यात जाऊन पाहते. यंत्रणा जागी होते ती तेव्हा. म्हणूनच मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली, तेव्हा लोकांचे मन फार दुखावले. हा पैसा समितीसाठी होता असा आरोप झाला, समितीच्या अध्यक्षांनी तो फेटाळला आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले.

कोरोनानंतर आपत्ती व्यवस्थापनाचे खाते लागोपाठ जळगाव जिल्ह्याकडे आले. जुलै २०२३ पासून अमळनेरचे अनिल पाटील आणि डिसेंबर २०२४ पासून गिरीश महाजन त्या खात्याचे मंत्री झाले. एकेकाळी जे विचारत होते वा विचारू शकत होते, ते या खात्यामुळे उत्तर देण्याच्या जागी आले. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा अहवाल मार्च २०२२ पर्यंतच्या काळाचा आहे. डॉक्टर आणि परिचारिकांच्या रिकाम्या पदांवर त्याने बोट ठेवले. तो डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात पटलावर आला. साथ अनुभवलेली विधानसभा तोवर विसर्जित होऊन नवी निवडून आली होती, आणि चोपडा, रावेर, एरंडोल, धुळे शहर, धुळे ग्रामीण या मतदारसंघांच्या बाकांवर नवे आमदार बसले होते.