सुधारणेचा जमाखर्च : योहानेस बुगेनहागेन

जर्मन धर्मसुधारणेच्या इतिहासात मार्टिन ल्यूथरच्या मागोमाग फिलिप मेलांख्थोनचे नाव येते आणि योहानेस बुगेनहागेन बहुधा तळटिपेत उरतो; परंतु नव्या मताला टिकाऊ व्यवस्था कोणी मिळवून दिली असे विचारले, तर हा क्रम न्याय्य ठरत नाही. १४८५ मध्ये पोमेरेनियातील, म्हणजे आजच्या पोलंडमधील, वोलीन येथे जन्मलेला हा लॅटिन शाळेचा प्रमुख चर्चच्या संस्कारविधींवर टीका करणारा ल्यूथरचा १५२० चा ग्रंथ वाचून आधी संतापला, मग त्याच ग्रंथाने जिंकला गेला आणि १५२१ मध्ये विटेनबर्गला आला. १५२३ पासून तो तेथील नगर-चर्चचा पाळक होता. ल्यूथरचे पापनिवेदन तोच ऐकत असे आणि १५२५ मध्ये त्याचे लग्नही त्यानेच लावले.

त्याचे खरे कार्य मात्र एका अडचणीतून उभे राहिले. मनुष्याचे तारण सत्कृत्यांनी नव्हे, केवळ श्रद्धेने होते, असे ठरल्यावर मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनाविधी करवून घेण्याकरिता दिल्या जाणाऱ्या देणग्यांना अर्थ उरला नाही, मठ ओस पडू लागले, आणि ज्या उत्पन्नावर धर्मगुरू, शाळा व भिक्षेकरी जगत होते ते आटले. सिद्धान्ताने तिजोरीच रिकामी केली, असे म्हणण्यास हरकत नाही. ब्राउनश्वाइग (१५२८), हॅम्बुर्ग (१५२९) आणि ल्यूबेक (१५३१) या नगरांसाठी बुगेनहागेनने ज्या ‘चर्च-नियमावल्या’ लिहिल्या, म्हणजे उपासना, शिक्षण व दानधर्म यांना एकत्र बांधणारे कायदे केले, त्यांचे मर्म याच प्रश्नात आहे. ब्राउनश्वाइगमध्ये त्याने दोन सार्वजनिक निधी-पेट्या वेगळ्या केल्या: एक गरिबांसाठी, दुसरी पाळकांच्या वेतनासह चर्चच्या खर्चासाठी. गरिबांचा पैसा वेतनात मुरू नये ही त्यामागची व्यवहारी दक्षता होती. मुलींच्या शाळा आणि सुइणींची कर्तव्ये हे विषयही या नियमावलीत आले, आणि एका धर्मशास्त्रज्ञाने ते हाताळावेत यातच त्याचे वेगळेपण दिसते.

१५३७ मध्ये डेन्मार्कचा राजा तिसरा क्रिश्चन याने त्याला कोपनहेगनला बोलावले. तेथे त्याने राजाचा राज्याभिषेक केला, विद्यापीठाची घडी नव्याने बसवली आणि स्वतः बिशप नसताना सात अधीक्षकांना, म्हणजे जुन्या बिशपांच्या जागी आलेल्या धर्माधिकाऱ्यांना, दीक्षा दिली. दीक्षेचा अधिकार प्रेषितांपासून अखंड बिशप-परंपरेने चालत येतो ही समजूत येथे उघडपणे बाजूला सारली गेली. अर्थात बिशपांच्या जमिनी राजाने आधीच ताब्यात घेतल्या होत्या, आणि त्यातला मोठा वाटा ना शाळांकडे वळला ना गरिबांकडे.

पोमेरेनियातील कामिनचे बिशपपद त्याने १५४४ मध्ये नाकारले. १५४६ मध्ये ल्यूथरच्या अंत्यविधीत त्याने प्रवचन केले; पुढच्याच वर्षी विटेनबर्ग पवित्र रोमन सम्राटाच्या सैन्याला शरण गेले, तरी तो नगर सोडून गेला नाही, आणि नव्या शासकाशी जुळवून घेतल्याबद्दल कडव्या ल्यूथरपंथीयांचा रोष त्याने १५५८ मधील मृत्यूपर्यंत ओढवून घेतला. हा आरोप निराधार नव्हता. परंतु ज्याने आयुष्यभर नगरपरिषदा आणि राजे यांच्याशी बोलणी करूनच शाळा उघडल्या, त्याच्याकडून वेगळ्या वर्तनाची अपेक्षा करणेही फारसे सयुक्तिक नव्हते.